जुनी ऑस्टिन जे-४० पेडल कार: मूळ रंग, जांभळा रंग आणि मोटरचा मोह

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने जुन्या सामानाच्या लिलावातून ऑस्टिन जे-४० ही लहान मुलांची पत्र्याची पेडल कार घेतली. फरशी गंजून तिची जाळी झाली आहे, अंगावर रंगाचे तीन-चार थर आहेत, पुढचा बंपर वाकलाय, पेडल मारलं की गाडी अडखळते. मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिला जांभळी गाडी हवी. वडलांना ती मूळ रंगातच आणायची आहे. आईचं म्हणणं, एवढी जड गाडी पोर ओढणार कशी, त्यापेक्षा छोटी मोटर बसवू. सुरुवात कुठून करायची आणि कुणाचं ऐकायचं?

आधी निकाल सांगतो. मुलीचं ऐका, जांभळा रंग खुशाल लावा. मोटर बसवू नका. आणि या दोन्हींच्या आधी फरशी आणि पेडलची यंत्रणा मार्गी लावा, रंगाचा डबा तोपर्यंत दुकानातच राहू दे. मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आलोय: जो बदल उद्या काढून टाकता येईल तो हौसेने करा, जो काढता येणार नाही तिथे हात आखडता घ्या. रंग परत खरवडता येतो. बॉनेटला पाडलेलं भोक, कापलेला पत्रा, पॉलिश करकरून पातळ केलेला बंपर, हे परत येत नाही.

तुमच्या हातात काय आलंय ते नीट समजून घ्या, कारण कामाची पद्धत त्यावर ठरते. जे-४० ही खेळण्यांच्या कारखान्यातली वस्तू नाही. ऑस्टिन मोटर कंपनीने सरकारी मदतीने दक्षिण वेल्समधल्या बार्गोड गावी १९४९ मध्ये खास या गाड्यांसाठी कारखाना काढला. कामाला घेतले ते आसपासच्या कोळसा खाणींतले कामगार, कोळशाची धूळ फुप्फुसात बसल्यामुळे ज्यांना पुन्हा खाणीत उतरता येत नव्हतं असे. लाँगब्रिजच्या मुख्य कारखान्यात खऱ्या मोटारींचे भाग कापून जो पत्रा उरायचा तो या छोट्या गाड्यांना वापरला जायचा. तोंडवळा त्या काळच्या ऑस्टिन ए-४० या मोटारीचा. बॉनेट उघडतं, आत लटकं इंजिन आणि त्याला स्पार्क प्लग, डिकी उघडते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, चाकांना हवेचे टायर. लांबी सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन चाळीस किलोच्या वर. १९७१ पर्यंत सुमारे ३२ हजार गाड्या निघाल्या. सुरुवातीला तिच्याबरोबर पाथफाइंडर नावाची एक रेसच्या गाडीसारखी बहीणही निघत होती, पण ती वर्ष-दोन वर्षांतच बंद पडली. जे-४० चं उत्पादन थांबलं त्याच १९७१ मध्ये ट्राय-अँग खेळणी बनवणारी लाइन्स ब्रदर्स ही मोठी कंपनीही बुडाली.

हे सगळं सांगण्यामागे मतलब आहे. ट्राय-अँगची साधी पेडल कार असती तर पत्रा पातळ असता, तिथे वेल्डिंगपेक्षा डाख लावून भागवावं लागतं. जे-४० चा पत्रा मोटारीचा आहे, म्हणून तिला मोटारीचंच डेंटिंग लागतं. माझं पत्र्याचं शिक्षण कोल्हापूरला उद्यमनगरात झालं, ट्रकच्या केबिन ठोकण्यात, आणि तीच हातोडी, तीच ऐरणीची गोटी (पत्र्यामागे आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) इथे चालते. त्यामुळे गावातला जुना डेंटर मिळाला तर त्याच्याकडे जायला लाजू नका. ‘अँटिक रिस्टोरेशन’ची पाटी लावलेल्या माणसापेक्षा तो पत्रा जास्त ओळखतो.

काम सुरू करायच्या आधी गाडी जाड गोधडीवर उलटी करा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने फरशी ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडका पत्रा थप्प करतो आणि कधी मूठ आतच जाते. मागच्या चाकांच्या कमानी, फरशी आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर चढतात तो जोड, आणि डिकीचा तळ या जागा विशेष बघा, पाणी तिथेच साठतं. सगळ्या थप्प जागांना खडूने गोल करा. खडूचा गोल वरून दिसणाऱ्या भोकापेक्षा नेहमीच मोठा निघतो. तेवढा पत्रा बदलायचाय असं धरा. फरशीला विचित्र ठिकाणी जादा भोकं दिसली तर गोंधळू नका. या गाड्या जत्रेतल्या फिरत्या चक्रांवरही बसवत, तुमची तिथून आलेली असू शकते.

मग फोटो. प्रत्येक भाग काढायच्या आधी एक आणि काढल्यावर एक. खिळे-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांनी हातात एक वायसर उरतो आणि तो कुठला हे देवालाही सांगता येत नाही. बोल्ट अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी थोडा शेक द्या, मग पाना लावा. पाना मात्र जुळतोय का बघा. त्या काळच्या ब्रिटिश कामाचे आटे मेट्रिक नसतात, मेट्रिक पाना वरवर बसतो आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे गोल करतो. तुटलेल्या बोल्टच्या जागी मेट्रिक नट कोंबणारे महाभाग भेटतात. त्यांनी एकदा आटे मारले की पुढच्या माणसाला नवीन आटे पाडण्यावाचून इलाज राहत नाही.

आता रंग खरवडणं. हा भाग मी मुद्दाम लांबवतोय, कारण घरात लहान मूल आहे. त्या काळातल्या रंगात शिसं असायचं. तुमच्या गाडीवरच्या रंगात शिसं आहे असंच समजून चाला, चाचणी करून खात्री व्हायची वाट बघू नका. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ग्राइंडरला वायर ब्रश लावून धूळ उडवू नका, आणि हॉट एअर गनने रंग भाजू नका. रंग काढायचं केमिकल लावा, फुगलेला रंग पत्रीने ओला असतानाच काढा, वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत टाका. उरलेलं वॉटर पेपरने पाणी टाकून घासा. धुळीचा चांगला मास्क, हातमोजे. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. मुलीला हे काम बघायला बोलवायचा मोह होईल, पण तिला पेडल बसवायच्या वेळी बोलवा.

खरवडायच्या आधी एक गोष्ट करा, ती वडलांसाठी आहे. बाजूच्या पत्र्यावर एका रुपयाएवढी जागा निवडा आणि बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासा, मधोमध जास्त, कडेला कमी. रंगांची वर्तुळं उमटतील: सगळ्यात बाहेर आजचा रंग, त्याच्या आत त्याआधीचा, आणि मधे प्रायमर किंवा उघडा पत्रा. प्रायमरच्या लगतचं जे वर्तुळ असेल तो बहुधा कारखान्याचा रंग. त्यावर पॉलिश मारून उजेडात फोटो घ्या आणि जमलं तर रंगाच्या दुकानात मशीनवर जुळवून त्याचा कोड लिहून ठेवा. उन्हाने न विटलेला नमुना हवा असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा बिल्ल्याखाली बघा. मी तर डॅशबोर्डच्या मागचा हातभर तुकडा खरवडतच नाही. त्यावर टेप लावतो, नवीन रंग मारताना झाकतो आणि तसाच ठेवतो. वरून गाडी जांभळी असली तरी पुढे कुणाला मूळ रंग हवा झाला तर पुरावा गाडीतच राहतो. वडील आणि मुलगी दोघांचं समाधान होतं ते असं.

सँडब्लास्टिंगबद्दल, म्हणजे हवेच्या जोराने वाळू मारून रंग-गंज काढण्याबद्दल, लोक हमखास विचारतात. चाकाच्या रिमला, पेडलच्या दांड्यांना, जाड कंसांना चालेल. बॉनेट आणि डिकीच्या सपाट पत्र्याला खरी वाळू जोरात मारली तर पत्रा तापतो, ताणतो आणि त्याला पोट येतं. ते पोट मग हातोडीने बसवायला दुप्पट वेळ जातो. सोडा ब्लास्टिंग (वाळूऐवजी सोड्याची पूड मारणं) किंवा कमी दाबावर बारीक माल मारणारा माणूस भेटला तरच पत्रा त्याच्या हवाली करा. अख्खी बॉडी ॲसिडच्या टाकीत बुडवून देणारेही आहेत. त्यात जोडांच्या आत ॲसिड राहतं आणि वर्षभराने नव्या रंगाखालून तपकिरी ओघळ बाहेर येतात.

छोट्या भागांचा गंज घरी काढायचा असेल तर प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि जुना साधा बॅटरी चार्जर. गंजका भाग ऋण टोकाला, लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला, दोन्ही एकमेकांना न लागतील असे. काही तासांत गंज काळा पडून ब्रशने निघायला लागतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. ज्वलनशील वायू निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ काडी ओढू नका. भंगार म्हणून स्टीलची वाटी किंवा चमचा वापरू नका, स्टेनलेसमधून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. क्रोमचे भाग आणि ओतीव जस्ताचे बिल्ले-कड्या या टबात घालायच्या नाहीत.

फरशीचा सडका भाग कापून काढा, कडेचा चांगला पत्रा लागेपर्यंत. तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा, आणि कडा एकमेकींना भिडवून जोडा, एकावर एक चढवू नका, कारण चढवलेल्या जोडात पुन्हा पाणी शिरतं. मिग वेल्डिंगला बारीक तार लावा आणि सलग ओळ मारू नका. एक टिपका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मधे, मग हात लावून बघा, गार झालं असेल तर पुढचा. गंजावर फायबर आणि लांबी (खड्डे बुजवायची पुटी) थापून विकलेल्या गाड्या लिलावात बऱ्याच येतात. तो सगळा प्रकार पडक्या भिंतीला सारवण केल्यासारखा असतो. चुंबक घेऊन अंगावर फिरवा, जिथे तो पकडत नाही तिथे खाली लांबी आहे.

डेंट काढताना मागून गोटीचा आधार द्या आणि पुढून हलक्या हाताने मारा. नवखा माणूस डेंटच्या खोल भागावरच मारत बसतो. खड्ड्याच्या कडेला जी उंच लाट झालेली असते तिच्यावर मारायचं आणि गोटी खड्ड्याच्या खाली दाबून धरायची. लाट बसली की खड्डा आपोआप वर येतो. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा ताणतो, म्हणून दहा हलके ठोके परवडतात, एक जोराचा नाही. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवा. हातात पातळ सुती फडकं घेऊन पत्र्यावरून फिरवलं की डोळ्यांना न दिसणारी लाट लागते.

गाडी अडखळते याचं कारण बहुधा रंगात नाही की वजनात नाही, बुशात आहे, म्हणजे दांड्यांच्या जोडातल्या भोकात बसवलेल्या छोट्या नळीत. या गाडीचे पेडल सायकलसारखे गोल फिरत नाहीत, पुढे-मागे हलतात. त्यांच्या दांड्या मागच्या वाकवलेल्या ॲक्सलला जोडलेल्या असतात आणि तो ॲक्सल फिरतो. एक पाय पूर्ण पुढे आणि दुसरा पूर्ण मागे असतो त्या क्षणी कितीही दाबलं तरी ॲक्सल फिरत नाही, गाडीच्या वेगानेच तो टप्पा पार पडतो. बुश झिजून भोकं लांबट झाली की हा मेलेला टप्पा मोठा होतो आणि मुलाला वाटतं पेडल अडकलं. चारही जोडांची ढिलाई बघा: दांडी हातात धरून हलवा, खुटखुट वाजली की बुश गेला. पितळी किंवा काश्याचे बुश कुठलाही लेथवाला वळून देईल. भोक लांबट झालं असेल तर ते आधी गोल करून घ्यायचं आणि बुश त्या मापाचा करायचा. नायलॉनचे बुशही चालतात, आवाज कमी करतात, फक्त त्यांना जाड ग्रीस फासू नका, धूळ चिकटते.

चाकांचं एक लक्षात ठेवा. पेडल कारमध्ये सहसा एकच मागचं चाक ॲक्सलला पक्कं असतं, दुसरं मोकळं फिरतं, म्हणूनच गाडी वळते. ‘ताकद वाढवायला’ दोन्ही चाकं पक्की करणारे आहेत. मग वळताना टायर घासतो आणि पोराचे हात स्टिअरिंगवर दुखतात. टायर साडेबारा इंची आहेत. या मापाचे टायर-ट्यूब मुलांच्या सायकलींना लागतात म्हणून अजून मिळतात. हवा नीट भरली, बेअरिंग साफ केलं, बुश नवे घातले, की पाच वर्षांची मुलगी सपाट जमिनीवर ही गाडी एकटी चालवते. पटत नसेल तर गुडवुड रिव्हायव्हलला, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या मोटारींच्या शर्यतींच्या मेळाव्याला, दर सप्टेंबरमध्ये मुलांची जे-४० ची शर्यत असते ती बघा. सेट्रिंग्टन कप म्हणतात, २०१२ पासून चालू आहे. पोरं धावत येऊन गाडीत बसतात आणि सुसाट सुटतात, कुणाच्या गाडीला मोटर नसते.

आणि मोटर का नको? ॲक्सल आणि पेडल एकमेकांना जखडलेले आहेत. मोटरने ॲक्सल फिरवलात की पेडलही तेवढ्याच वेगाने पुढे-मागे आपटत राहणार, आणि त्यांच्यासमोर मुलीच्या नडग्या. ते टाळायला दांड्या काढायच्या, म्हणजे गाडी थांबवायचं मुख्य साधनही गेलं, कारण पेडल रोखूनच मूल गाडी थांबवतं. मग ब्रेक बसवा, त्यासाठी फरशी कापा, बॅटरी ठेवायला डिकीत कंस वेल्ड करा. बघता बघता गाडी वेगळीच होते. आईची हौस असेलच तर विजेवर चालणारी नवी प्लॅस्टिकची गाडी घ्या आणि ही तशीच राहू द्या.

रंगाकडे येऊ. घरी मारणार असाल तर दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा रंग फवारू नका. त्यातली आयसोसायनेट्स नावाची रसायनं फुप्फुसाला घातक आहेत आणि साध्या मास्कने अडत नाहीत, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तेवढं काम गॅरेजवाल्याला द्या. स्वतः मारायचा असेल तर गंजरोधक प्रायमर, वर हाताने घासायचा प्रायमर, त्यावर मुलांच्या खेळण्यांना चालणारा असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला इनॅमल. जांभळा रंग गडद असेल तर खाली राखाडी प्रायमर घ्या, पांढऱ्यावर तो चमकदार पण उथळ दिसतो. मेटॅलिक टाळा असं मी सांगेन, या गोलसर पत्र्यावर ते मला नेहमीच बाजारू वाटतं, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

हौस करायची तर काढता येणारी करा. सीटला मूळ मापाचं दुसरं कव्हर शिवून घ्या, जुनं फेकू नका. दिव्यात जुन्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब घाला. मुलीच्या नावाची देवनागरी नंबर प्लेट आधीच्याच भोकांतल्या बोल्टवर लावा. कडेने लांब केसांच्या ब्रशने एक बारीक रेघ ओढून घ्या. आपल्याकडे ट्रकवर रेघा आणि मोर काढणारे पेंटर हे काम इंग्लंडातल्या कुठल्याही पिनस्ट्राइपिंगवाल्याइतकं सफाईने करतात, आणि भारतात जाणार असाल तर बॉनेट काढून नेणं काही अशक्य नाही.

राहिला बंपर. त्याला सरळ करा, पण लगेच क्रोमला देऊ नका. क्रोमच्या आधी घासून गुळगुळीत करावा लागतो, तांबं-निकेल-क्रोमचे थर चढतात, आणि घासताना दरवेळी मूळ पत्रा थोडा जातो. सगळ्या कामात जास्त बिल सहसा इथलंच येतं. वरवरचा गंज असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने घासा, थक्क व्हाल. थोडेफार ठिपके राहिले तर राहू द्या. आरशासारखं क्रोम आणि काचेसारखा रंग असलेली गाडी मूल चालवत नाही, मोठी माणसं दिवाणखान्यात ठेवतात.

पुढचं नेमकं सांगायला मला चार फोटो लागतील: खालून खडूचे गोल केलेली पूर्ण फरशी, मागच्या ॲक्सलचा दांड्या जोडलेल्या ठिकाणी जवळून, बंपरच्या मागची बाजू, आणि रंगाची वर्तुळं उन्हात काढलेली. फरशी निम्म्याहून जास्त गेली असेल तर तुकडे जोडण्यापेक्षा तयार फरशी आणून बसवणं स्वस्त पडेल का, ते पहिल्या फोटोवरून सांगता येईल.